कर्नेलचे क्रॅश-संदेश बदलत असताना चाचणी-साधनाचा पार्सर कसा सांभाळावा

लिनक्स कर्नेल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमना एक ठाम हमी देतो: आज चालणारा सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नेलकडे केलेली कामाची विनंती) पुढच्या आवृत्तीतही तसाच चालला पाहिजे. कन्सोलवर छापल्या जाणाऱ्या मजकुराला ही हमी लागू नाही. कर्नेल कोसळताना जो संदेश छापतो तो माणसाने वाचावा म्हणून लिहिलेला असतो आणि तो अधिक स्पष्ट करावासा वाटला की एखादा विकासक तो बदलून मोकळा होतो. त्यात त्याचे काही चुकत नाही. पण स्वयंचलित चाचणीची साधने नेमका हाच मजकूर वाचून क्रॅश झाला की नाही, तो कोणत्या प्रकारचा, कोणत्या फंक्शनमधला आणि आधी दिसलेलाच की नवा, हे ठरवत असतात. त्यामुळे कर्नेलमधला एका ओळीचा निरुपद्रवी बदल साधनाच्या दृष्टीने इंटरफेस मोडण्याइतका मोठा ठरतो. संदेशाचा मजकूर वाचून त्यातील माहिती वेगळी काढणारा साधनाचा भाग, म्हणजे पार्सर, वर्षानुवर्षे चालता ठेवायचा तर काय करावे, याची पद्धत पुढे दिली आहे. उदाहरणे मुख्यतः लिनक्स आणि सिझकॉलर यांची आहेत. गूगलमध्ये २०१५ च्या सुमारास सुरू झालेले हे मुक्तस्रोत फझिंग साधन (यादृच्छिक इनपुट देऊन दोष शोधणारे) आणि त्यावर २०१७ पासून चालणारा, सापडलेले दोष विकासकांना आपोआप कळवणारा सिझबॉट यांना या दुखण्याचा सर्वाधिक अनुभव आहे. संदेश येथे देवनागरीत दिले आहेत. नियम लिहिताना अर्थातच त्यांची मूळ रोमन अक्षरे आणि चिन्हे जशीच्या तशी घ्यावीत.

आधी बदलांचे स्वरूप ओळखावे

सगळे बदल एका जातीचे नसतात, आणि कोणत्या बदलाने साधनाचे नेमके काय मोडते हे कळल्याशिवाय नियम लिहायला बसू नये.

सर्वांत उघड बदल शीर्षक-ओळीच्या शब्दरचनेचा. कर्नेलने चुकीच्या पत्त्यावर हात घातला की पूर्वी ‘बग: अनेबल टू हँडल कर्नेल पेजिंग रिक्वेस्ट अॅट’ अशी ओळ येत असे. २०१९ च्या सुमारास एक्स८६ वर (इंटेल आणि एएमडी यांच्या प्रोसेसर-कुळावर) तिची ‘बग: अनेबल टू हँडल पेज फॉल्ट फॉर अॅड्रेस’ अशी ओळ झाली, आणि शून्य पत्त्याच्या प्रसंगासाठी ‘बग: कर्नेल नल पॉइंटर डीरेफरन्स, अॅड्रेस’ अशी वेगळी ओळ आली. त्याच्याही आधी शून्य पत्ता छापताना आकड्यांऐवजी कंसात ‘नल’ हा शब्द येत असे, आणि २०१८ च्या सुमारास त्या जागी सोळा शून्ये दिसू लागली. ज्या नियमात ‘अॅट’च्या पुढे फक्त षोडशमान अंक अपेक्षित होते तो जुन्या लॉगवर अडे, आणि ज्यात कंस अपेक्षित होता तो नव्यावर.

दुसरा प्रकार उपसर्गांचा. ‘जनरल प्रोटेक्शन फॉल्ट’ ही ओळ आधी थेट त्या शब्दांनी सुरू होत असे. २०२० च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत तिच्यात ‘प्रॉबेबली फॉर नॉन-कॅनॉनिकल अॅड्रेस’ हा मजकूर आला आणि २०२४ मध्ये सुरुवातीला ‘ऊप्स:’ हा उपसर्ग लागला. हा उपसर्ग सरसकट सगळ्याच ओळींना लागल्याने ज्या ओळी मुळातच ‘ऊप्स’ने सुरू होत होत्या त्या आता ‘ऊप्स: ऊप्स: ००००’ अशा दिसतात. लॉग बिघडला असावा असे वाटते, पण ओळ बरोबर असते.

तिसरा प्रकार ओळीच्या आधी आणि मध्ये येणाऱ्या माहितीचा. ५.१ आवृत्तीपासून कर्नेल बांधताना एक पर्याय निवडला, तर वेळेच्या कंसानंतर आणखी एक कंस येतो आणि त्यात ती ओळ कोणत्या टास्कने वा कोणत्या सीपीयूने छापली हे असते. स्टॅक ट्रेसच्या (क्रॅशपर्यंत कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले याच्या यादीच्या) आत ‘टास्क’ असे टोकदार कंसातले खुणेचे शब्द २०२१ च्या अखेरीस आले. प्रोसेसची माहिती देणाऱ्या ओळीत ‘सीपीयू’ आणि ‘पीआयडी’ (प्रोसेसचा क्रमांक) यांच्या मध्ये २०२४ मध्ये ‘यूआयडी’ (वापरकर्त्याचा क्रमांक) घुसला. अशा ओळी शेजारशेजारच्या शब्दांवर बेतलेल्या नियमाला फसवतात.

चौथा प्रकार सर्वांत त्रासदायक आणि सर्वांत दुर्लक्षित आहे: संदेश तोच राहतो, पण स्टॅकमधल्या मदतनीस फंक्शनांची नावे बदलतात. केसॅन या कर्नेलमधील स्मृती-दोष शोधणाऱ्या साधनाच्या अहवालात वरच्या काही फ्रेम (ट्रेसमधील एकेका फंक्शनाच्या नोंदी) नेहमी केसॅनच्या स्वतःच्या असतात, त्या वगळून पहिली ‘खरी’ फ्रेम शोधायची असते, आणि त्यासाठी प्रत्येक साधनात वगळायच्या फंक्शनांची यादी असते. २०२१ मध्ये ‘चेक मेमरी रीजन’ या फंक्शनाचे नाव ‘केसॅन चेक रेंज’ झाले, आणि त्याच वर्षी ‘डंप स्टॅक’च्या जागी ट्रेसमध्ये ‘डंप स्टॅक एलव्हीएल’ दिसू लागले. यादी जुनीच राहिली तर पार्सर तक्रार करत नाही, नियम जुळतो, शीर्षकही तयार होते. फक्त नेटवर्क, फाइल सिस्टिम आणि यूएसबी यांतले एकमेकांशी संबंध नसलेले दोष ‘केसॅन चेक रेंज’ या एकाच नावाखाली गोळा होऊ लागतात. एका दोषाचे दोन भाग पडले तर कोणीतरी नंतर ते जोडू शकतो. दहा दोष एका नावाखाली गेले तर त्यांतील नऊ कोणाच्या नजरेसच पडत नाहीत. म्हणून पार्सर तपासताना ‘किती क्रॅश ओळखले’ एवढेच पाहणे पुरेसे नाही.

ओळखणे, काढणे आणि नाव देणे ही तीन कामे वेगळी ठेवावीत

बहुतेक घरगुती साधनांत एकच लांबलचक रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर जुळवण्याचा साचा) ही तिन्ही कामे करते. क्रॅश झाला का हे तीच ठरवते, पत्ता आणि फंक्शन तीच वेचते आणि शीर्षकही तिच्याच तुकड्यांतून बनते. मग कर्नेलमध्ये एक स्वल्पविराम हलला तरी तिन्ही कामे एकदम बंद पडतात.

ओळखण्याचा नियम शक्य तितका ढोबळ असावा. ओळीत ‘बग:’, ‘वॉर्निंग:’, ‘इन्फो:’, ‘कर्नेल पॅनिक’, ‘जनरल प्रोटेक्शन फॉल्ट’ अशी सुरुवातीची खूण दिसली की क्रॅश झाला असे मानावे आणि ज्या खुणा निर्दोष आहेत त्यांची वेगळी अपवाद-यादी ठेवावी. उदाहरणार्थ, ‘इन्फो: लॉकडेप इज टर्न्ड ऑफ’ ही ओळ क्रॅश नव्हे (लॉकडेप म्हणजे लॉक घेण्याच्या क्रमातील चुका पकडणारी कर्नेलची सोय). काढण्याचा नियम दुसऱ्या पायरीवर असावा आणि एकाच खुणेखाली अनेक नमुने क्रमाने लावलेले असावेत. विशिष्ट नमुने वर, ढोबळ नमुने खाली. सर्वांत शेवटी एक सर्वसमावेशक नमुना ठेवावा जो तपशील न वेचता संपूर्ण ओळच शीर्षक म्हणून घेतो. विशिष्ट नमुने जुने झाले तर क्रॅश हरवत नाही, तो फक्त बेढब नावाने नोंदला जातो, आणि ते बेढब नावच नवा नमुना हवा असल्याची सूचना ठरते. सिझकॉलरची मांडणीही ढोबळमानाने अशीच आहे.

नाव देणे हे तिसरे काम मजकुराच्या अक्षरशः रूपापासून मुद्दाम तोडावे. ‘पेजिंग रिक्वेस्ट’ आणि ‘पेज फॉल्ट’ ही दोन रूपे एकाच प्रसंगाची असतील, तर दोन्ही नमुन्यांतून निघणारे शीर्षक एकच असले पाहिजे. कर्नेलने शब्द बदलले म्हणून दोषाची ओळख बदलण्याचे काही कारण नाही.

नियम लिहिताना

तुलना सुरू करण्यापूर्वी प्रत्येक ओळीचा उपसर्ग, म्हणजे वेळ, टास्कचा कंस आणि सिरियल कन्सोलने जोडलेली नियंत्रक चिन्हे, एकाच ठिकाणी काढून टाकावा. ही सफाई प्रत्येक नियमात वेगवेगळी केलेली दिसली तर समजावे की पुढचा उपसर्ग आला की सगळेच नियम दुरुस्त करावे लागणार. मात्र टास्कच्या कंसातली माहिती फेकून देऊ नये. दोन सीपीयू एकाच वेळी कोसळू लागले की त्यांच्या ओळी एकमेकींत मिसळतात, आणि त्या कंसाच्या आधारे एकाच टास्कच्या ओळी वेगळ्या काढता येतात. हा कंस नसलेल्या जुन्या कर्नेलवर मिसळलेला अहवाल ओळखून त्याला ‘बिघडलेला’ अशी खूण करावी. त्यातून अंदाजाने शीर्षक काढण्यापेक्षा ते बरे.

पत्त्यांच्या बाबतीत त्यांच्या आकारावर विसंबू नये. ४.१५ आवृत्तीपासून सामान्य छपाईत कर्नेलचे पत्ते हॅश करून, म्हणजे मूळ आकडा लपवून, येतात, त्यामुळे ‘कर्नेलचा पत्ता अमुक अंकांनी सुरू होतो’ असे गृहीत धरणारा नियम तेव्हापासून संशयास्पद आहे. फंक्शनच्या नावांमागे कंपायलर जोडतो ती शेपटे, म्हणजे ‘कॉन्स्टप्रॉप’, ‘आयएसआरए’, ‘पार्ट’, ‘कोल्ड’ आणि त्यांच्यापुढचे आकडे, शीर्षकात येण्याआधी काढावीत. ती जीसीसी आणि क्लँग या कंपायलरांत वेगळी असतात आणि कंपायलरची आवृत्ती बदलली की तेच फंक्शन वेगळ्या शेपटाने येऊ शकते. कर्नेलचा मजकूर तसूभरही न बदलता शीर्षके बदलण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

कर्नेलच्या आवृत्तीचा आकडा पाहून नियम निवडण्याचा मोह टाळावा. वितरक कंपन्या नव्या आवृत्तीतले बदल जुन्यात आणून बसवतात. रेड हॅटच्या आठव्या एंटरप्राइझ आवृत्तीचा कर्नेल नावाला ४.१८ आहे, पण त्यात नंतरच्या कितीतरी आवृत्त्यांचे काम आहे. आकड्यावरून ‘हा जुना, म्हणून जुना नमुना’ असे ठरवणारे साधन अशा ठिकाणी हमखास चुकते. दोन्ही नमुने लावून जो जुळेल तो घ्यावा. जुना नमुना ठेवण्याची किंमत एका ओळीची असते आणि दीर्घकाल सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्त्यांमुळे तो अनेक वर्षे लागतोच: ५.१० ही डिसेंबर २०२० मधली आवृत्ती पुढेही वर्षानुवर्षे दुरुस्त होत राहिली आहे. ज्या आवृत्त्यांची चाचणी तुम्ही घेता त्यांतील सर्वांत जुनी बंद झाल्यावर, आणि तोही नमुना अलीकडे एकदाही जुळला नसल्याचे आकडेवारीत दिसल्यावर, मगच तो काढावा.

लॉगचा संग्रह हीच खरी चाचणी

नियम बरोबर आहे की नाही हे नियमाकडे पाहून कळत नाही, खऱ्या लॉगवर चालवूनच कळते. म्हणून प्रत्येक नव्या रूपाचा मूळ, न कापलेला लॉग संग्रहात ठेवावा. सिझकॉलरमध्ये यासाठी प्रत्येक कार्यप्रणालीचा वेगळा फोल्डर आहे आणि त्यात क्रमांकाच्या फाइली आहेत. फाइलीच्या डोक्यावर अपेक्षित शीर्षक, गरज असल्यास पर्यायी शीर्षक, क्रॅशचा प्रकार, आणि अहवाल बिघडलेला किंवा दाबून ठेवण्याजोगा असल्यास तशी खूण असते. मग रिकामी ओळ आणि खाली कन्सोलचा कच्चा मजकूर. आपले साधन लहान असले तरी हीच मांडणी उचलावी. तिच्यात क्लिष्ट काही नाही आणि नवा माणूसही पहिल्याच दिवशी तिच्यात भर घालू शकतो.

लॉग ‘स्वच्छ’ करून ठेवू नये. क्रॅशच्या आधीच्या शे-दोनशे ओळी, अर्धवट तुटलेल्या ओळी, मध्येच घुसलेला चाचणी-प्रोग्रॅमचा स्वतःचा मजकूर, हे सगळे राहू द्यावे, कारण प्रत्यक्षात पार्सरपुढे तेच येते. सर्व्हरची नावे, आयपी पत्ते यांसारखी खासगी माहिती असल्यास तेवढी त्याच लांबीच्या निरर्थक अक्षरांनी बदलावी. क्रॅश नसलेले लॉगही ठेवावेत. ज्या ओळीत ‘वॉर्निंग’ हा शब्द आहे पण क्रॅश नाही अशा लॉगचे अपेक्षित उत्तर ‘काही नाही’ हे असते, आणि ओळखण्याचा नियम ढोबळ ठेवायचा असेल तर हे नमुने अत्यावश्यक आहेत.

सिझकॉलरच्या चाचण्यांना अपेक्षित उत्तरे आपोआप नव्याने लिहिण्याचा पर्याय आहे आणि इतर साधनांतही तो असतो. पर्याय सोयीचा खरा, पण तो पार्सरच्या चुकीलाच बरोबर उत्तर म्हणून शिक्का मारतो. तो चालवल्यावर गिट या आवृत्ती-व्यवस्थापन साधनातला फरक ओळ न ओळ वाचावा. एका नियमाच्या दुरुस्तीने तीन ऐवजी चाळीस फाइलींची शीर्षके बदललेली दिसली तर थांबावे. ‘अपेक्षित उत्तरे अद्ययावत केली’ एवढ्या टिपणीचा बदल परीक्षकाने स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बदल येण्याआधी त्याची चाहूल घेणे

बहुतेक जण नवा कर्नेल चाचणीला लागल्यावर आणि नियम मोडल्यावर जागे होतात. त्याआधी कळण्याचे मार्ग आहेत आणि त्यांतील एक फार कमी वापरला जातो.

५.१५ आवृत्तीपासून कर्नेलमध्ये ‘प्रिंटके इंडेक्स’ नावाची सोय आहे (प्रिंटके म्हणजे कर्नेलचे संदेश छापणारे फंक्शन). तो पर्याय निवडून कर्नेल बांधला की डीबग फाइल सिस्टिममध्ये, प्रिंटकेच्या फोल्डरातील इंडेक्स या उपफोल्डरात, मुख्य कर्नेलसाठी एक आणि प्रत्येक मॉड्यूलसाठी एक अशा फाइली दिसतात. त्यांत त्या कर्नेलमधील प्रत्येक प्रिंटकेचे नमुना-वाक्य, संदेशाची पातळी, स्रोत-फाइल, ओळ आणि फंक्शन यांची यादी असते. लॉग वाचणाऱ्या साधनांना बदल पकडता यावेत हाच या सोयीमागचा उद्देश आहे. दोन आवृत्त्यांच्या या याद्या काढाव्यात, त्यांतून ओळींचे क्रमांक गाळावेत (नाहीतर प्रत्येक ओळ बदललेली दिसेल), त्या क्रमवार लावून त्यांची तुलना करावी आणि आपल्या ओळखण्याच्या खुणा ज्यांत येतात तेवढे फरक वाचावेत. ‘ऊप्स:’ हा उपसर्ग असा पकडता येतो, कारण तो नमुना-वाक्यातच आहे.

या पद्धतीची मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. केसॅनची ओळ छापणारे नमुना-वाक्य ‘बग: केसॅन:’, त्यापुढे एक रिकामी जागा, मग ‘इन’ आणि आणखी एक रिकामी जागा असे आहे, दोषाचा प्रकार त्या पहिल्या रिकाम्या जागेत बाहेरून येतो. २०२३ पासूनच्या कर्नेलमध्ये ‘यूज-आफ्टर-फ्री’च्या (मोकळी केलेली स्मृती वापरल्याच्या दोषाच्या) जागी बहुतेक वेळा ‘स्लॅब-यूज-आफ्टर-फ्री’ दिसू लागले, पण इंडेक्समध्ये त्याचा मागमूसही दिसला नसता. अशा बदलांसाठी प्रत्यक्ष क्रॅश घडवूनच पाहावे लागते.

त्यासाठी कर्नेलमध्येच एलकेडीटीएम हे मॉड्यूल आहे. ते लावले की डीबग फाइल सिस्टिममधील ‘प्रोव्होक-क्रॅश’ फोल्डरातील ‘डायरेक्ट’ या फाइलीत क्रॅशच्या प्रकाराचे नाव लिहायचे, आणि कर्नेल तो क्रॅश स्वतःवर ओढवून घेतो. हे फक्त फेकून देण्याजोग्या आभासी मशीनवरच करावे. कर्नेलच्या स्वतःच्या चाचण्यांमध्ये या मॉड्यूलसोबत प्रत्येक प्रकारापुढे अपेक्षित मजकूर लिहिलेली एक यादीही येते. ती आपल्या नियमांशी ताडून पाहणे पाच मिनिटांचे काम आहे. केसॅनसाठी केयुनिट या कर्नेलच्या चाचणी-चौकटीवर बेतलेले चाचणी-मॉड्यूल आहे. दर रात्री लिनक्स-नेक्स्ट या शाखेवर, जिथे पुढच्या आवृत्तीत येणारे बदल आधी एकत्र होतात, आभासी मशीन उभे करून हे सगळे क्रॅश क्रमाने घडवावेत आणि त्यांचे लॉग पार्सरमधून जाऊ द्यावेत. एक्स८६ सोबत एआरएम६४ हे दुसरे प्रोसेसर-कुळही ठेवावे. तिथे शीर्षक-ओळ ‘अनेबल टू हँडल कर्नेल पेजिंग रिक्वेस्ट अॅट व्हर्च्युअल अॅड्रेस’ अशी असते आणि फंक्शन ‘पीसी’च्या (प्रोग्रॅम काउंटरच्या) ओळीत येते, म्हणजे एका आर्किटेक्चरवर केलेली दुरुस्ती दुसऱ्यावर काही सिद्ध करत नाही.

क्रॅश घडवण्याच्या युक्त्याही बदलतात. केडंपची (कोसळलेल्या कर्नेलची स्मृती साठवून ठेवणाऱ्या सोयीची) चाचणी घेणारे सिस्‌आरक्यूच्या ‘सी’ आज्ञेने (कर्नेलला थेट दिल्या जाणाऱ्या आज्ञांपैकी एकीने) कर्नेल पाडतात. पूर्वी ती आज्ञा मुद्दाम शून्य पत्त्यावर लिहीत असे, म्हणून कन्सोलवर ‘नल पॉइंटर डीरेफरन्स’ येई. २०१८ मधील बदलानंतर ती सरळ पॅनिक करते, म्हणजे कर्नेल थांबवते, आणि मजकूर ‘सिस्‌आरक्यू ट्रिगर्ड क्रॅश’ असा येतो. जुन्या मजकुराची वाट पाहणारी स्क्रिप्ट अशा वेळी केडंप व्यवस्थित चालूनही चाचणी नापास ठरवते.

शीर्षक बदलावेच लागले तर

कधीकधी कर्नेलचा नवा शब्द खरोखरच अधिक माहिती देतो आणि तो शीर्षकात घ्यावासा वाटतो. ‘स्लॅब-यूज-आफ्टर-फ्री’ हे तसेच उदाहरण: दोष स्लॅबमधल्या (लहान वस्तूंसाठीच्या स्मृती-साठ्यातल्या) वस्तूचा आहे की स्मृतीच्या पानाचा, हे त्यातून कळते. पण शीर्षक हीच दोषाची ओळख असलेल्या साधनात याचा परिणाम असा होतो की जुनी नोंद ‘आता दिसत नाही’ म्हणून आपोआप बंद होण्याच्या मार्गाला लागते आणि तोच दोष नवा म्हणून विकासकांच्या टपालात पुन्हा जातो. त्यांचा साधनावरचा विश्वास उडायला असे दोन-चार प्रसंग पुरतात.

यावर उपाय पर्यायी शीर्षकांचा. प्रत्येक अहवालाला मुख्य शीर्षकाबरोबर एक-दोन दुय्यम नावे द्यावीत आणि नवा क्रॅश आला की त्याचे कोणतेही नाव जुन्या नोंदीच्या कोणत्याही नावाशी जुळते का ते पाहावे. सिझकॉलर केसॅनचे दोष आणि पेज फॉल्ट यांना ‘बॅड-अॅक्सेस इन अमुक’ असे समाईक दुय्यम नाव देते, कारण एकच चूक केसॅन चालू असताना एका रूपात आणि बंद असताना दुसऱ्या रूपात दिसते. शीर्षकाचा शब्द बदलताना जुने शीर्षक असेच दुय्यम नाव म्हणून राहू द्यावे, आणि बदल लागू करण्यापूर्वी मागच्या काही महिन्यांचे साठवलेले लॉग नव्या पार्सरमधून काढून किती नोंदी फुटतात आणि किती एकत्र होतात याची यादी डोळ्यांखालून घालावी.

शांततेवर लक्ष ठेवावे

मोडलेला पार्सर बहुधा त्रुटी दाखवत नाही. ओळख न पटलेला क्रॅश झाल्यावर मशीन गप्प होते आणि साधन ‘चाचणी-मशीनशी संपर्क तुटला’ किंवा ‘मशीनकडून काही मजकूर आला नाही’ अशी नोंद करते. या दोन नोंदी नेहमीच थोड्याफार येत असल्याने त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. त्यांचे एकूण क्रॅशमधील प्रमाण, सर्वसमावेशक नमुन्यावर पडलेल्या क्रॅशचे प्रमाण, बिघडलेल्या अहवालांचे प्रमाण आणि एका शीर्षकाखाली येणाऱ्या वेगवेगळ्या स्टॅकची संख्या, हे चार आकडे कर्नेलच्या आवृत्तीनुसार मांडावेत. पहिले तीन वाढले तर शीर्षक-ओळ बदलली असण्याची शक्यता मोठी. चौथा अचानक वाढला तर वगळण्याच्या यादीतील एखाद्या फंक्शनाचे नाव बदलले असावे.

कारण सापडल्यावर नवा लॉग संग्रहात, नवा नमुना जुन्याच्या वर, आणि ज्या कर्नेल-बदलामुळे हे घडले त्याची नोंद त्याच टिपणीत, असा क्रम ठेवावा. तो बदल अजून लिनक्स-नेक्स्टमध्येच असेल आणि नवा मजकूर खरोखर संदिग्ध असेल, तर संबंधित देखभालकर्त्यांना नम्रपणे लिहून कळवावे. लॉकडेपचे इशारे २०१७ पर्यंत चौकोनी कंसात ‘इन्फो’ या शब्दाने सुरू होत आणि नंतर ते ‘वॉर्निंग’ झाले. तेव्हापासून ते इतर इशाऱ्यांच्या रांगेत आले आणि त्यांच्यासाठीचे नियम सोपे झाले. मजकूर बदलणाऱ्याला आपल्या पार्सरची कल्पना नसते, आणि प्रत्यक्ष लॉगची एक जोडी, जुनी आणि नवी, समोर ठेवली की अडचण लगेच ध्यानात येते.